बॅटरी रजिस्टर, उलवे साइट

पत्र्याच्या स्टोअरमध्ये माझ्या टेबलामागे
चोवीस खाचांचा चार्जर आहे.
सकाळी साडेसहाला सगळे दिवे हिरवे.
हिरव्यावर विश्वास ठेवायचा नसतो
हे कळायला मला आठ महिने लागले.

ओरिजिनल सहा. बाकीच्या अठरा
वाशीच्या एका गाळ्यातून, चारशे वीसला एक.
आकडा ऐकून परचेसचे मुळगुंद साहेब
स्वतःच हसले होते, आणि सही केली होती.

लेबलवर बावीसशे लिहिलंय.
दिवाळीला बेसन मोजते तो काटा घरून आणला:
ओरिजिनल एकशे पाच ग्रॅम, ही एकाहत्तर.
कोपऱ्यातून लेबल सुटलं, तर खाली दुसरं,
त्यावर पंधराशे.
त्याच्याही खाली काहीतरी होतं.
ते मी काढलं नाही.

प्रत्येकीवर नेलपॉलिशचा ठिपका,
मरून जानेवारीच्या, गुलाबी मार्चच्या.
रजिस्टरात नंबर, कोणी नेली, किती वाजता मेली.
‘मेली’ हा शब्द पोरांचा. ऑडिटवाल्याने
खोडून ‘डिस्चार्ज’ लिहायला लावलं,
आठवडाभर लिहिलं.

तीन नंबर: आधी नऊ तास, मेमध्ये साडेपाच,
आता चहापर्यंतसुद्धा नाही.
सात: खाचेत सैल, मागे बसच्या तिकिटाची घडी.
अकरा: टम्म फुगली, तव्यावरच्या भाकरीसारखी.
वाळूच्या बादलीत ठेवलीय, कुणाला हात लावू देत नाही.
अठरा मात्र चांगली निघाली.
त्याच गाळ्यातली, त्याच खोक्यातली,
दोन वर्षं झाली, आठ तास देते.
का, ते मला विचारू नका.

चौदा.

मंगळवारी चौदा हरेश घरतकडे होती.
हरेश खालून सिग्नल देतो. वर क्रेनच्या केबिनमध्ये
पात्रस कुजूर, एकतिसाव्या मजल्याच्याही वर,
जिथून त्याला खाडी दिसते, हरेश दिसत नाही.
म्हणून हरेश बोलत राहतो,
आने दे, आने दे, आराम से, आने दे,
श्वास घ्यायलाही न थांबता.
कारण त्यांच्यात नियम एकच, मी तो कुठल्या
बोर्डावर लिहिलेला पाहिला नाही:
आवाज थांबला की हात थांबवायचा.

ओरिजिनल जाण्याआधी तीनदा टुक करते,
सांगून जाते.
अकरा दहाला चौदा नुसतीच गेली.
आने दे, आने दे, आ

सव्वा टन सळ्या अधांतरी.
खाली नऊ माणसं, माना वर.
हरेश दोन्ही हात हलवतोय,
पण त्या उंचीवरून हात म्हणजे
मुंगीची मिशी.
कुजूरने लिव्हरवरचा हात काढला, मांडीवर ठेवला,
हे त्याने नंतर सांगितलं.
मी एक नंबर घेऊन पळाले. हेल्मेट वाटेत पडलं,
ते उचलायला थांबले नाही, त्याचा मेमो नंतर आला.

खटका बसला. “कुजूरभाई?”
वरून, जरा वेळाने: “बोल. यहीं हूँ.”

संध्याकाळी साहेबांनी विचारलं, नुकसान काय?
काही नाही, मी म्हटलं.
खरंच काही झालं नव्हतं.
रजिस्टरात त्याला रकाना नाही.
मी वेळ लिहिली, चौदावर
काळा ठिपका दिला, नवीन बाटली फोडून.

तेव्हाच कुजूर उतरून स्टोअरच्या दाराशी आला.
दिवसभर कोणाशी न बोललेल्या माणसासारखा
आधी पाणी प्यायला, मग म्हणाला, दाखवा.
चौदा एका तळव्यावर, दुसऱ्यावर एक,
डोळे मिटून उभा राहिला.
मी काटा पुढे सरकवला.
त्याने मान हलवली. काटा नको होता त्याला.